मालगाडीने गिळलेलं नाव

साहिबाबाद,
फेब्रुवारी १९९८

ती. गुलाबमामांस,

इंद्रजितचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? रेल्वेचे रूळ सांभाळण्यात तुमची हयात गेली, तेव्हा ह्या संकटात भाच्याने दुसऱ्या कुणाला विचारायचं? (बिल्डरला विचारून झालं. तो म्हणतो, "व्ह्यू देखो ना, सर.")

संकट असं. करोल बागेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही कर्ज काढून इथे फ्लॅट घेतला. बाल्कनीखालून मालगाड्यांची लाइन जाते. वीणाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिकडच्या जुन्या शेजारणी बोलावल्या. कुसुमावतीबाई उखाणा घेत घेत अगदी नवऱ्याच्या नावापर्यंत आल्या आणि खालून मालगाडी निघाली. डबे खडाडखड संपेचनात, नाव त्यात गेलं. बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं, तर पुन्हा गाडी. मग बाई रुसल्या. पाहुण्या गेल्यावर वीणाने मला बजावलं, की चैत्रातल्या हळदीकुंकवापर्यंत हा खडखडाट बंद करा, नाहीतर फ्लॅट विका, मी करोल बागेत परत जाते.

मी आमच्या तनयाची फुटपट्टी घेऊन कारण शोधायला खाली उतरलो. पाहतो तर एकापुढे एक टाकलेल्या दोन रुळांच्या टोकांमध्ये चक्क फट. (तनयाला 'फट' समजेना. मग म्हणाली, "अच्छा, गैप!") दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या. त्यांना फिशप्लेट म्हणतात (ह्यात माशाचा संबंध काय, ते तुम्हीच कळवा). चाक त्या फटीवरून गेलं की खडाड. मी वाकून फट मोजत होतो, तेवढ्यात रेल्वे पोलिसाने मागून कॉलर धरली. त्याला वाटलं, मी बोल्ट चोरतोय. मी म्हटलं, "हमारे मामाजी रेलवे में थे." तो म्हणाला, "सबके होते हैं."

चौकीत बसवल्यावर मी विचारत सुटलो: फट ठेवतातच का, खडी टोकदारच का, नदीतले गोटे का चालत नाहीत? शेवटी साहेबाने स्वतःचा चहा मला पाजून घरी पाठवलं. एवढं मात्र कळलं, की उन्हाने रूळ लांबतात म्हणून फट ठेवतात, आणि थंडीत ती रुंदावते. म्हणजे उन्हाळ्यात आवाज कमी होणार, हे मी आनंदाने वीणाला सांगितलं. ती म्हणाली, "मग हळदीकुंकू मे महिन्याच्या भर दुपारी ठेवते."

गुडघ्याला जपा.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, मग फटच उरत नाही, असं ऐकलं. आमच्याकडे ते कधी होईल देव जाणे, पण 'चैत्राआधी होणार' असं एक कार्ड वीणाच्या नावे टाका. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. मला हे घर सोडवत नाही, मामा. सिग्नलचं तर अजून काहीच समजलेलं नाही.

ता. क. २ (वीणाकडून): मामा, नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. कार्ड टाकू नका. फ्लॅट विका म्हटलं ते रागाच्या भरात. त्या दिवसापासून हे जेवतानासुद्धा रुळांवरच बोलतात, आणि गाडी आली की तेवढे थांबतात. ह्या घरात मला तीच काय ती उसंत. रूळ खरंच जोडणार असतील तर तुमच्या ओळखीने थांबवा, आणि जमलं तर रविवारी दुपारी, हे घरी असतात तेव्हा, एखादी मालगाडी वाढवून मिळेल का ते बघा.