पट्टीचा पोहणारा

१२ जानेवारी २०२५, राजुरी

अखेर मी हो म्हणाले! रामनाथ, माझा दीर, स्वतःच्या गाडीने थेट कन्याकुमारीपर्यंत निघालाय. सोबत त्याची मंगल, आणि मागच्या सीटवर मी. "दादाची लई इच्छा व्हती, वहिनी. रस्त्यानंच जायचं म्हणायचा."

दादा म्हणजे माझा सोमनाथ. आठ वर्षं झाली. दोघे भाऊ आहुप्याची देवराई बघायला निघाले. वाटेत डिंभे धरणाच्या पाण्याकडेला थांबले. सोमनाथ हातपाय धुवायला उतरला, पाय घसरला. घरी आला तो रामनाथ. एकटा. केसांपासून ओला. त्याचे बूट दहाव्यापर्यंत ओट्यावर वाळत होते, मी येता-जाता बघायची. बोलला एवढंच — "हात पुरला न्हाई, वहिनी."

हात पुरला नाही! पंचक्रोशीतल्या एकेका विहिरीत आपण कसे सूर मारले हे पारावर बसून सांगणाऱ्याचा हात! पुरला नाही की पुरवला नाही?

मंचरच्या साप्ताहिकात मी सदर लिहिते. सरपंचापासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळे सोलून झालेत. हा एक राहिलाय. म्हणून तर निघालेय. देवदर्शनाला जायला मी काय एवढी पुण्यवान?

१३ जानेवारी, कोल्हापूर

मासवडी कराडच्या आतच संपली. मंगलला गाडी लागते. रामनाथ गाडी चालवताना गुणगुणतो. गुणगुणतो!

१४ जानेवारी, मालवण

संधी चालत आली! बंदरावर बोर्ड — स्कुबा डायव्हिंग, समुद्राचा तळ पाहा. मी तिथल्या तिथे उद्याच्या दोन जागा सांगून टाकल्या. "चला भाऊजी, तुम्ही तर पट्टीचे पोहणारे."

तो चेहरा! तलाठ्याने सातबाऱ्यावरून नाव उडवावं तसा. मंगल काहीतरी बोलायला गेली. त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. 

"येतो की, वहिनी," म्हणाला. येणारच. नाही म्हणायला तोंड कुठे ठेवलंय?

१५ जानेवारी, मालवण

लिहायला बसलेय खरी, पण कानात अजून पाणी आहे.

काळ्या रबरी कपड्यांत आम्ही दोघं भरल्या वांग्यासारखे दिसत होतो. मंगल बोटीत एका कोपऱ्यात, ओकारी आवरत. आदेश नावाचा शिकवणारा समजावत होता — "पोहता येत नसलं तरी चालतं, काका. श्वास तोंडाने घ्यायचा, रोखायचा नाही."

"येतंय की पोहायला!" रामनाथ. आवाज फाटलेला.

पाठीवर नळकांडं चढवलं तसा याचा हात मागे. चाचपतोय. "गाठ पक्की हाय ना, भाऊ?"

"गाठ नाही काका, बकल आहे."

थोड्या वेळाने पुन्हा हात मागे. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. नवशिकी पोरं अशीच गाठ चाचपतात. मला हसू आलं. केवढं हे नाटक!

बोट थांबली. इंजिन बंद झालं. पुण्याची चार माणसं होती, ऐकायला पुरेशी. मी विचारलं — "भाऊजी, डिंभ्याला पाणी याच्यापेक्षा खोल होतं का हो?"

मंगलने पदर तोंडाला लावला. रामनाथने बोटीचा काठ धरला, बोटं पांढरी पडेपर्यंत.  मग आदेशने त्याला पाण्यात घेतलं.

गोड वाटलं. खोटं कशाला लिहू?

खाली निळं, गार, कमालीचं शांत. मासे बघून मी खुशीत अंगठा दाखवला, तर माझ्यासोबतचा पोरगा मलाच वर ओढायला लागला — पाण्यात अंगठा म्हणजे 'वर न्या'! रामनाथ शेजारीच. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी आदेशचा दंड पकडलेला. मासे त्याच्यापाशी यायचे, बघून जायचे. मयताला आल्यासारखे.

संध्याकाळी तो खोलीतून बाहेरच आला नाही. सोलकढीची वाटी पुढ्यात घेऊन मंगल म्हणाली, "ताई, कशाला उतरवलं त्यांना? त्यांना पोहायला कुठं येतंय!"

"काय?"

"लग्नानंतरबी डबा बांधूनच उतरायचे. लोकांनी टिंगल करू नये म्हणून विहिरीवर कुणी नसताना. पारावर नुस्त्या बाता, दुसरं काय!"

गडी पोहत असताना बायका विहिरीकडे फिरकत नाहीत. मी तरी कधी पाहिलं होतं!

"मग तेव्हाच का नाही सांगितलं मला?"

"मी म्हणलं व्हतं, सांगून टाका. तर म्हणाले, आता सांगितलं तर निमित्त वाटंल."

आणि मंगल निवांत सोलकढी प्यायली! मी उठून खोलीत आले.

म्हणजे पोहता येत नव्हतं. बरं. मग सख्खा भाऊ बुडत असताना हा काठावर उभा राहून बघत होता! हे तर त्याहून वाईट! आता सोडत नाही. पुढचं सदर ठरलं — 'काठावरचा मर्द'. नाव घालणार नाही. अख्ख्या जुन्नर-आंबेगावला कळेल. निम्मं तर लिहूनही झालं. लेखणी इतकी कधी चालली नव्हती.

१६ जानेवारी, गोकर्ण

किनाऱ्यावर थांबलो. वाळूत उतरण्याआधी रामनाथने बूट काढले. मोजे आत कोंबले. जोड नीट लावून ठेवला. मग लाटेपासून लांबच उभा राहिला.

मी त्या बुटांकडे बघत बसले.

त्या दिवशी केसांपासून ओला होता तो. पाठीला डबा नव्हता. आणि बूटसुद्धा काढायला थांबला नव्हता.