बंद केबिनीतला गणपती

देवरूख, ५ ऑगस्ट १९९८

चि. उपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. फोटो पोचला. पोट बरंच पुढे आलंय! जमालशेठच्या त्या पत्र्याच्या पोर्टा केबिनी कामगारांना भाड्याने देतोस, की नुसता सावलीत बसून जेवतोस?

शेजारच्या कृष्णाबाईंचा मिथुन तुझ्याच केबिनीत राहतो हे कळल्यापासून त्या माउलीचा जीव भांड्यात पडलाय. मिथुनच्या कंपनीने पगार थकवलाय म्हणे. भाड्याला उशीर झाला तर सांभाळून घे, आपला माणूस आहे.

लोभ आहेच, पोट उतरलं की वाढेल.

तुझी ताई

अल मनखूल, दुबई, २७ ऑगस्ट १९९८

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

लिहिताना लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाला सांगू? तुझं पत्र हातात असूनही भाडं थकलं म्हणून मी मिथुनच्या केबिनीला कुलूप ठोकलं. जमालशेठ तर म्हणाला होता, थांब, देतील इन्शाल्ला. घाई माझीच. चतुर्थीला इथे मित्राकडे गणपती, तिकडे जाण्याआधी त्याच सकाळी हे काम उरकायचं होतं. तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून मिथुन आणि त्याच्या केबिनीतली पोरं ड्यूटीवर गेलेली पाहून जबल अलीला, केबिनींवर गेलो. आत डोकावलोही नाही.

आत गणपती होता. मिथुनने स्वतः मातीचा केलेला, पहाटे कंपनीची बस यायच्या आधी बसवलेला. संध्याकाळी पोरांनी बंद दारासमोर उभं राहून आरती म्हटली आणि तिथेच वाळूत आडवी झाली. तेव्हा मी किल्ली खिशात ठेवून मोदक खात होतो.

सकाळी कुलूप काढलं. वाटलं, शिव्या देतील. मिथुन एवढंच म्हणाला, दादा, दिवा विझला असेल, आधी तो लावू द्या. मग प्रसाद पहिला माझ्याच हातावर ठेवला.

पगार होईपर्यंत आता भाडं मागणार नाही. लोभ ठेव म्हणायची आज हिंमत नाही.

तुझा उपेंद्र

देवरूख, ८ सप्टेंबर १९९८

चि. उपेंद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खूप रागावले. तेवढ्यात कृष्णाबाई मिथुनचं पत्र वाचून घ्यायला आल्या. त्याने लिहिलंय, यंदा उपेंद्रदादाने आम्हा सगळ्यांना मनखूलला गणपतीला नेलं, पोटभर मोदक खाऊ घातले, आई, तू काळजी करू नकोस.

मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. त्या उठल्या आणि माझ्या पाया पडल्या. आईच्या वयाची बाई रे! पाय मागे घ्यायला हवे होते. पण कारण काय सांगणार होते?

आशीर्वाद नेहमीचेच.

ताई