बिनआवाजाचा मनोरा

रविवार, २ नोव्हेंबर

फासा पुन्हा खाटेखाली! कुलदीप फासा टाकत नाही, भिरकावतो. वीस बाजूंचं ते धूड फरशीवर टणटण करत निघालं आणि खाटेवर पडलेल्या बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दर रविवारी हेच.

गोष्ट मात्र काय रंगली होती! तळ्याखालचं गाव. माणसं कंदील घेऊन पाण्यातून चालतात, कंदील विझत नाहीत. मी गोष्ट सांगते, माझे दोस्त कुलदीप आणि दिव्यानी तिच्यातली माणसं होतात, आणि पुढे काय घडणार ते फासा ठरवतो. दिव्यानी नावाडीण झाली आहे. बुडालेल्या बहिणीला शोधायला निघालेली.

आई म्हणाली, "त्यायले तरास होते वं. बाहीर खेळा ना."

बाहेर कुठे? आई धान कापायला जाते, बाबांजवळ मी. लकव्याचा झटका आल्यापासून बाबा एक शब्द बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, येईल बोलणं, पण घरात शांतता ठेवा. मला तेवढंच हवंय. एकदा "रश्मे" म्हणावं, बस!

बुधवार, ५ नोव्हेंबर

दिव्यानीच्या मामाने पोंभुर्ण्याहून मांडीएवढा जाड बांबू दिला. उभा चिरला. आत प्रत्येक गाठीला पडदा असतोच — तो अर्धाच ठेवला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन्ही फाका पुन्हा जोडून सुतळीने आवळल्या. झाला फाशाचा मनोरा! वरून फासा सोडायचा, तो पडद्यांवरून गडगडत खाली ताटलीत. फरशी नको, खाटेखाली रांगणं नको.

रविवार, ९ नोव्हेंबर

खड् खड् खड् — खट्! फासा पडत नाही, जिना उतरतो. ऐकत राहावंसं वाटतं. पण हा तर फरशीपेक्षा मोठ्याने वाजतो!

"मनोरा बनवून राह्यली का तोफ?" — कुलदीप.

बाबा भिंतीकडे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आत घोंगडीचे तुकडे लावले. फासा मधेच मांडी घालून बसतो. चपलेचं रबर लावलं — माकडासारखा उडून बाहेर! दोन्ही काढून टाकलं. चिडचिड झाली नुसती.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी बांबूच्या आत होते. हिरवा उजेड, पडद्यापडद्याने खाली उतरत होते, तळाशी पाणी. काठावर बाबा बसलेले. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलत होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं! जागी झाले आणि हसू आलं. तो उजवा कान तर खाणीतल्या सुरुंगांनी कधीच नेला. घरात आम्ही सगळे त्यांच्या डावीकडूनच बोलतो.

हसू आलं, मग रडू आलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जमलं! आईच्या विटलेल्या लुगड्याचं कापड — पडद्यांवर एकपदरी, खाली ताटलीत चौपदरी. फासा छान फिरतो, दर वेळी वेगळा आकडा. आणि आवाज? पान पडल्याएवढाही नाही.

आई म्हणाली, "माह्या लुगड्याचं सोनं केलं वं."

रविवार, २३ नोव्हेंबर

खेळताना आम्हीही आपोआप कुजबुजायला लागलो. नावाडीण तळ्याच्या मध्यावर पोचली, खालून कोणीतरी कंदील हलवला, आणि कुलदीपला घरून बोलावणं आलं. गोष्ट तिथेच राहिली.

बाबांनी आज एकदाही तोंड फिरवलं नाही! आढ्याकडे बघत पडून होते. किती दिवसांनी त्यांना त्रास झाला नाही. मी मनातल्या मनात नाचले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

बाबांनी पेज अर्धीच घेतली. कालही. आई काळजीत.

रविवार, ३० नोव्हेंबर

बाबा बोलले.

दिव्यानीने फासा सोडला, नेहमीप्रमाणे आवाज नाही, आम्ही कुजबुजतोय — आणि खाटेवरून, घोगरं, तुटक:

"नावाडीण... पोचली का नाई?"

आईच्या हातातली वाटी खाली पडली. बाबांनी मनोऱ्याकडे बोट केलं. "आवाज... बंद काऊन केला?"

बाबांच्या उजव्या अंगाला भिंत. तिकडे तोंड वळवलं की डावा कान खोलीकडे येतो. इतके रविवार ते ऐकत होते!

सुतळी सोडली, सगळं कापड उपटून काढलं. फासा वरून टाकला, आणि मोठ्याने सांगायला लागले — नावाडीण पाण्यात उतरली...

खड् खड् खड्.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.