नोएमीच्या शेजारची खुर्ची

चेल्सी शहर, ६ जानेवारी. सकाळ.
निश्चय: नोएमीच्या कानात स्पॅनिश कुजबुजायचं नाही. शाळेने मला तिच्या शेजारी मदतनीस म्हणून बसवलंय, उत्तरं पुरवायला नाही. फेब्रुवारीत तिची इंग्रजी बोलण्याची परीक्षा. पास झाली तर सायन्सच्या नेहमीच्या वर्गात जाईल. तिथे ज्वालामुखी शिकवतात. तिकडे आमच्या देशात, एल साल्वादोरला, तिच्या घराच्या छपरावरून खराखुरा दिसायचा. त्या वर्गासाठी पोरगी जीव टाकते.

दुपार.
थोडंसंच कुजबुजले. शब्द अवघड होते.

९ जानेवारी
वर्गाच्या बाई, हॅलरन मॅडम, म्हणाल्या, "सुलेमा, प्रश्न विचारला की थांबायचं. शांतता होते? होऊ दे. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो." अगदी पटलं. थांबले. नोएमीचे ओठ हलले, कान लाल झाले. बघवेना. सांगून टाकलं. मॅडमनी पाहिलं नसावं.
पाहिलं.

१४ जानेवारी
आईला विचारलं. मला पहिली अक्षरं तिनेच शिकवली, स्वयंपाकघरात. अडले की उत्तर तोंडात घालायची, सारण भरलेल्या मक्याच्या भाकरीचा, पुपुसाचा घास भरवावा तसं. म्हणाली, "लेकरू उपाशी आणि ही बघत बसणार! कसली गं शिक्षिका तू?" बरं वाटलं. मग म्हणाली, "उद्या रजा काढ, डॉक्टरशी माझ्या वतीने कोण बोलणार?" इतकी वर्षं इथे राहूनही तिला इंग्रजी येत नाही, मीच बोलते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

२२ जानेवारी
घसा बसला. आवाज अजिबात नाही. तरी गेले, कर्तव्य. प्रश्न आला. नोएमीने माझ्याकडे पाहिलं, मी गळ्यावर हात ठेवला. तिने वाट पाहिली. मग मोडकंतोडकं, पण स्वतःचं इंग्रजी बोलली. मागून ओस्कार ओरडला, "अरे, ही चालते! मला वाटलं हिची बॅटरी मिसकडे असते." मिस म्हणजे मी. सगळे हसले. तीसुद्धा.
मला आनंदच झाला. घरी आल्या आल्या मध घालून गरम पाणी प्याले. आवाज लवकर यायला हवा.

२३ जानेवारी
आवाज आला. काल दमली असेल बिचारी, म्हणून आज जरा जास्त मदत केली. तिने एकदा काही बोलायला तोंड उघडलं होतं. मी वाईट आहे. सोमवारपासून बंद.

१ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये फादरना कबुली दिली. म्हणाले, मुलीला मदत करणं पाप कसं होईल? फार हलकं वाटलं. मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी सांगेन.

५ फेब्रुवारी
परीक्षा तोंडावर असताना तिला एकटं सोडणं क्रूरपणा ठरेल. परीक्षा झाली की बंद.

११ फेब्रुवारी
परीक्षा. मला बाहेर बसवलं. दाराशी प्रार्थना करत होते. मॅडम बाहेर आल्या. बोलायला दिलेल्या चित्रात काय होतं, मी विचारलं. डोंगर, म्हणाल्या, वर धूर. ज्वालामुखी! मग तर बोललीच असेल?
"नाही गं. सगळा वेळ शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती."
नापास.

१२ फेब्रुवारी
मॅडमसमोर नोएमीची माफी मागितली. स्पॅनिशमध्ये, रडत. तिने मला टिश्यू दिला. तिचे ओठ हलू लागले. या वेळी मी थांबले. हुंदक्यांमुळे बोलताच येत नव्हतं. मग ती सावकाश, इंग्रजीत म्हणाली, "राग नाही, मिस. पण तुम्ही आता दुसरीकडे बसा."
मी नाक पुसलं, मॅडमकडे वळले आणि सांगितलं: ती म्हणतेय, मी दुसरीकडे बसावं.
मॅडम म्हणाल्या, "कळलं मला. इंग्रजीतच बोलली ती."