चिंधी बांधलेलं वांगं

वाशीम, ९ जानेवारी २०२५

चि. स्नेहा हिस,
मामाचा जयभीम आणि अ. आ.

तुझा इंग्रजी निबंध पोचला. परदेशातल्या वर्षभराच्या शिक्षणासाठी तो महिनाअखेर जायला हवा, हे ठाऊक असूनही अंगणात उन्हाला पाठ देऊन मी तो सावकाश वाचला. डोळे मिटले की ताईचे, तुझ्या आईचे, रोपांचे वाफे दिसत, धुक्यातून हलकेच वर येणारे. डोळे उघडले की कागदावर नुसतं ‘इन्क्रीज’. रोपं इन्क्रीज, वांगी इन्क्रीज, बायांची हिंमतही इन्क्रीज! एके ठिकाणी तर ‘इन्क्रीज्ड अप’. अगं बाई, वाढणं वरच असतं, त्याला वेगळा जिना कायले?

आकडा वाढला तर ‘इन्क्रीज’ किंवा ‘राइज’ लिही. रोप वाढलं तर ‘ग्रो’. पण ‘रेज’ लिहिलंस की वाढवणारं माणूसही सांगावं लागतं. आपल्या संस्कृतात वर्धते म्हटलं की आपलं आपण, वर्धयति म्हटलं की कुणाचा तरी हात आला. तुझ्या दोन पानांत तुझ्या आईचा हात कुठेच नाही. गेल्या खेपेला मी चिंधी बांधलेलं वांगं तोडायला गेलो, तेव्हा याच हातानं चापट मारली होती. चिंधीचं वांगं बियाण्याचं, ते विकत नाहीत की खात नाहीत. एवढंही मास्तरला समजू नये, म्हणाली.

लोभ आहेच, वांग्याच्या भरताच्या आशेनं थोडा जास्तच.

तुझा मामा,
अश्वजित


इंझोरी, १७ जानेवारी २०२५

ती. अश्वजितमामांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आईचं नाव घातलं, तर आईच रुसली. माहं नाव कायले टाकतं, म्हणे. ते वाचून तुले घेऊन जातीन, अन् मी काय वाफ्यायशी बोलत बसू? मग बोलणंच बंद. झारी घेऊन धुक्यात शिरायची, ती दिसेनाशी व्हायची, नुसता पाण्याचा आवाज यायचा. मी निबंध बाजूला ठेवला. पाठवणारच नव्हते.

काल सकाळी झारी टेकवून ती स्वतःच म्हणाली, मराठीत सांग काय लिवलं ते. मी सांगितलं: रोपं माझ्या आईनं, अंजनानं, वाढवली, शेजारणींच्या वावरात ती वाढली, मग गावातल्या वांग्यांचं पीक वाढलं. तिनं वाफ्यातलं गवताचं एक पातं उपटलं. मग म्हणे, शेजारच्या बेबीबाईचंही टाक, मी तापानं पडली तं वाफ्यायले पानी तिनंच देल्लं.

टाकलं. निबंध आज गेला. बोलावणं येईल, न येईल. संध्याकाळी घरी आले, तर माझी जुनी बॅग धुऊन दोरीवर वाळत होती. तिच्या बंदाला लाल चिंधी, पक्क्या गाठीची.

रागवत राहा, लोभ त्यातच कळतो.

तुमची भाची,
स्नेहा