तिकडं जाऊन पी

३ फेब्रु., सोम.
सु. लेकीला घेऊन नांदेडहून आली. सव्वा महिन्याचं माहेरपण संपलं. लेक चांगली भरली आहे. गाल सासऱ्यांवर गेलेत, स्वभाव जाऊ नये एवढीच इच्छा. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिला हात लावला तो टाळूला. बोटं टेकवून तशीच उभी. मग म्हणाली, "वर हाय." सु.ला काही कळलं नाही. मला कळलं.

४ फेब्रु.
क्लासमध्ये नीटच्या दोन बॅच. पोरांना विषाणू शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घरी आलो, पेला भरून गॅलरीत गेलो. सु. हसायला लागली. "नांदेडला सगळ्यांना सांगितलंय मी, आमचे सर पाणी प्यायला परगावी जातात म्हणून." आई मेथी निवडत होती. मान वर केली नाही.

८ फेब्रु.
दीड महिन्याचे डोस आलेत. सुयांना आईची हरकत नाही. "टोचा काय टोचायचं ते. तोंडात कुनाला कायबी घालू देनार न्हाई." तोंडातून दोनच गोष्टी: पोलिओ आणि ती जुलाबाची लस, रोटाची.
सु. म्हणाली, "अहो आई, जुलाबानं लेकरू जाऊ नये म्हणूनच देतात ते."
"तवाबी तसंच म्हनले हुते."
लेकीला मांडीवर घेऊन आत गेली. जेवायलाही आली नाही.

९ फेब्रु., रवि.
टेस्ट सिरीजचे पेपर तपासायचेत. एकही तपासला नाही. सु.ला सांगितलं सगळं. लग्नाला चार वर्षं झाली, चिमीचं नाव तिनं आज पहिल्यांदा ऐकलं.
त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो. मी दुसरीत. चिमी माझी बहीण, रांगायला लागली होती. थंडीत बाहेरगावचे कुणी तरी आले आणि शेडातल्या लेकरांना चमच्यानं औषध पाजून गेले. कसलं, देव जाणे. लगेच चिमीला हगवण लागली. आईच्या लेखी ते पाजणारेच घेऊन गेले तिला. इतकी वर्षं तेच धरून बसली आहे.
पण औषध न घेतलेलीही लेकरं त्या थंडीत हगवणीनं पडली होती, हे मला आठवतं. आणि आजीचं आठवतं. "पानी तोडा तिचं. पानी दिलं की वाढती हगवन." आईनं तोडलं. अंगावरचंही बंद केलं. सासूपुढं बोलायची सोय नव्हती. चिमीची टाळू खोल गेली, आई तिच्यात तेल भरत बसली. माझ्या हातात पेला दिसला की चिमी हात पुढं करायची. आजी मला म्हणाली, "तिकडं जाऊन पी." मी शेडामागं जाऊन प्यायचो.
मग एके दिवशी तिनं हात पुढं केलाच नाही.

१० फेब्रु.
सु. म्हणते, "मग सांगा ना आईंना. तुम्ही तर हेच शिकवता." शिकवतो खरा. विषाणू आतड्यात, आणि माणूस मरतो तो अंगातलं पाणी गेल्यानं. पोरं वहीत उतरून घेतात, खाली रेघ मारतात. पण त्या औषधावरचा आळ काढला, तर तो जाऊन कुणाच्या डोक्यावर बसणार? आईच्याच. त्या आळावर ती उभी आहे, तो काढायची माझी छाती होत नाही.
सु.चं म्हणणंही खोटं नाही. "आईंना जपताय, आणि हिला कोण जपणार?" सरळ सांगून टाकलं, तुम्ही बोला, नाहीतर मी नांदेडला जाऊन पाजून आणते.

११ फेब्रु.
बोललो. अर्धंच. "आई, तवाचं औषध येगळं, हे येगळं. आता समद्याच लेकरांना देतात."
आईनं लेक माझ्या हातात दिली. "तुजी लेक हाय. तुजं तू बघ." मला आई अशी कधी परकी वाटली नव्हती.

१२ फेब्रु., बुध.
डोस झाले. लेक सुयांना ओरडली, थेंब मिटक्या मारत गिळले. घरी आलो तर आई देवापुढं. उठून आली, टाळूला हात लावला.

१४ फेब्रु.
व्हायचं तेच झालं. सकाळपासून पातळ. दुपट्यामागून दुपटं. आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
बॅच रद्द केली, दवाखाना गाठला. आई न सांगता रिक्षात बसली. डॉक्टरांनी तपासलं. काही बाळांना होतं असं, सौम्य असतं, थांबेल. सिस्टर सु.ला समजावत होत्या. "अंगावर पाजत राहा, जास्तच पाजा. लघवी कमी झाली, बाळ मलूल दिसलं, रक्त दिसलं, तर लगेच या."
मागून आई: "हगवनीत पाजायचं?"
"मग काय आजी. नाही पाजलं तर सुकून जातं लेकरू."
मी भिंतीवरचा तक्ता वाचत उभा राहिलो. जे मला सांगायचं नव्हतं ते त्या बाईनं हातातलं काम न थांबवता सांगून टाकलं. येताना रिक्षात आई मधे बसली. लेक तिच्या मांडीवर होती. दोन्ही हात लेकीच्या पायांवर, टाळूवर नाही.

१५ फेब्रु.
उतार आहे. आई सारखी सु.ला, "पाज की. आजून पाज. थांबू नगं." सु. दमून गेली, पण उलटून बोलली नाही.

१७ फेब्रु.
लेक ठणठणीत. आईनं तिला न्हाऊमाखू घातलं, मालिश केली, टाळू मात्र भरली नाही. तेलाची वाटी सु.कडं सरकवली. "तूच भर." आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसली. मला भीती वाटते आहे. कशाची, ते नीट लिहिता येत नाही.

२६ फेब्रु.
आई कमी बोलते. जेवते मात्र नेहमीसारखी. आज क्लासच्या मेसमधला एक पोरगा जुलाबानं पडला म्हणून सांगितलं, तर एवढंच विचारलं, "पानी पितो का त्यो?"

११ मार्च, बुध.
दुसरा डोस. मी विषय काढायच्या आत आई लुगडं बदलून दारात उभी. दवाखान्यात लेकीला तिनंच मांडीवर धरलं, तोंड तिनंच उघडलं. थेंब पडताना डोळे मिटून घेतले, हात हलू दिला नाही.
घरी आलो. ऊन मरणाचं. पेला भरला आणि सवयीनं गॅलरीकडं निघालो.
"हितंच पी," आई म्हणाली. माझ्याकडं न बघता. लेक तिच्या मांडीवर.
तिथंच उभा राहून प्यायलो. लेक पेल्याकडं बघत होती. घोट घोट करत पेला रिकामा केला. आईनं तो माझ्या हातून घेतला आणि पुन्हा भरून आणायला आत गेली. अजून आली नाही.