साक्षीचा अंगठा

शिरवणे, नेरूळ
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोजराआत्या,

नमस्कार. मितेश, हे पत्र तूच आईला वाचून दाखवणार, म्हणून तुलाही नमस्कार. माझी कितीही लाज वाटली तरी एक ओळ गाळायची नाही.

इकडे सगळे मजेत, असं लिहायची सवय आहे. पण आत्या, काल तुझा फोन आला तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. दोनदा चहा उतू घालवला. आई म्हणते, पोरीला नजर लागली.

आधी ब्लॉग म्हणजे काय ते सांगते. मोबाइलमधली वही समज. आपण लिहायचं आणि कुणीही वाचायचं. मला लेखिका व्हायचंय हे तुला ठाऊकच आहे. आठवीत निबंधाला बक्षीस मिळालं तेव्हा तू उरणहून सुके बोंबील घेऊन आली होतीस. तर दिवाळीत ब्लॉग सुरू केला आणि पहिला लेख तुझ्यावरच लिहिला. नाव दिलं, 'हसत दिलेला हक्क'. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात आजोबांच्या नावे साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, तेव्हा आत्याने आपला हिस्सा भावासाठी हसत सोडला आणि फक्त एक हिरवी साडी घेतली, असा लेख. लहानपणापासून बाबांकडून हेच ऐकलं होतं. गावाच्या ग्रुपवर टाकला, दोनशे जणांनी वाचला. मी हवेतच होते.

आणि काल तू म्हणालीस, "नमे, मितेशनी वाचून दावला. चांगला लिवलंस गो. पन मी हक कवा सोरला? मी त साक्षीला आल्ते."

तू रागावलीही नव्हतीस. खरंच विचारत होतीस. मी तसाच फोन ठेवला. माफ कर.

तशीच बाबांकडे गेले. ते जेवत होते. तू म्हणालीस ते सांगितलं. मला वाटलं, ओरडतील, आत्याला विसरायला होतं म्हणतील. ते एवढंच म्हणाले, "ते आधी काढून टाक. सगळा गाव वाचतोय." खोटं आहे असं एकदाही म्हणाले नाहीत, आत्या! मला सायकल शिकवताना सेक्टरभर मागे धावलेले माझे बाबा. अजून विश्वास बसत नाही.

एवढं लिहिलं, पण खरं लिहायचं ते टाळतेच आहे.

प्लॉटचे कागद झाले त्या दिवशी मीही नोंदणी कचेरीत होते. दहा वर्षांची, पंख्याखालच्या बाकावर. तू विचारलंस, "दादा, कशाचा कागुद?" बाबा म्हणाले, "घराचा. बहिणीची साक्ष लागते." तू पुढचं काही विचारलं नाहीस, अंगठा दिलास. शाई मी माझ्या रुमालाने पुसली. लेख लिहिताना हे सगळं मला आठवलं होतं. तरी मी ते गाळलं, कारण माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं. तू हसलीसही नव्हतीस, तुला उरणची बस गाठायची होती. 'हसत' मी घातलं, वाक्य छान दिसावं म्हणून. बाबांनी तुला एकदा फसवलं. मी दोनशे लोकांसमोर त्याची आरती ओवाळली.

लेख काढलेला नाही. आज सकाळी त्याच्याखाली घडलं तसं सगळं लिहिलं, बाबांचं वाक्यसुद्धा. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई रडतेय, भावाबहिणीत तू कशाला पडलीस म्हणते. मला भीती वाटते, पण पुसणार नाही.

मितेशला घेऊन वकिलाकडे जा. ते विचारतील, इतक्या वर्षांनी साक्ष कोण देणार? माझं नाव सांग. त्या दिवशी तू साक्षीदार नव्हतीसच, आत्या. मी होते.

तुझ्या अंगठ्याची शाई पुसणारी,
नमिता